आत्याचं बोट

भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आलेय. आमच्या घरातले नवस-अंगारे आजोबांच्या वेळीच सुटले, त्यात माझा पेशा विज्ञानाचा. तरी लिहितेय... कारण हे नुसतं मनात ठेवून बसवत नाही.

मी क्वेसारांचा, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या झगझगीत केंद्रांचा, अभ्यास करते. त्यांच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी काही तासांतच कमी-जास्त होतात. बऱ्याचदा क्वेसार असतो शांतच, वाटेतला वायू त्याला लुकलुकवतो.

मागच्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या आमच्या निरवांगीला गेले होते. आई गेल्यावर मला आत्यानंच वाढवलं. साखरेच्या आजारानं तिची नजर पार गेलेली. आणि मला नोकरी लागलेली थेट पृथ्वीच्या पलीकडं, चिलीत! तिला हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

दुपारी लिंबाखाली बाजेवर आम्ही दोघीच.

“दिसभर काय बघतीस गं तितं?”

मी म्हटलं, “गुऱ्हाळाच्या चुलवणापलीकडचा माणूस हलताना दिसायचा ना? हलायची मधली तापलेली हवा. तसाच माझा एक क्वेसार लुकलुकतो.”

“आसं व्हय! मग त्यो ह्योच का?” तिनं आभाळाकडं बोट केलं.

गंमत म्हणून मी मोबाईलवर आकाश दाखवणारं ॲप उघडलं... बोटाच्या नेमक्या रेषेत माझा क्वेसार! म्हटलं, योगायोग. तासाभरानं तिला हाताला धरून गोल फिरवलं.

“आगं, घेरी येतीय मला!” म्हणत तिनं पुन्हा बोट उचललं. क्वेसार पश्चिमेला सरकला होता — बोटही.

मग नोकरीचं सांगूनच टाकलं. रडले मी, ती नाही.

“तितनं बी दिसतो का ह्यो?”

“दिसतो.”

“मग जा की! मी हाय हितंच.”

इकडं आल्यापासून रोज व्हिडिओ कॉल. परवा — तिकडं संध्याकाळ, माझी सकाळ — आत्याचा मुलगा हळूच म्हणाला, “ताई, आईला काय समजंना झालंय. जमिनीकडं बोट करून ‘त्यो बघ’ म्हणती.”

ॲपमध्ये निरवांगी टाकून पाहिलं. क्वेसार तिथं केव्हाच मावळला होता. जमिनीखाली, बरोब्बर तिच्या बोटाच्या दिशेला.

“आत्या, खाली काय दाखवतेस गं?”

“खाली कुठं? तुझ्या डोक्यावर आलाय न्हवं! न्याहारी केलीस का?”

एवढंच सांगते, या परक्या मुलखात त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.