भिंगावरचा तळहात

माझी लाज राखली ती नांदेडच्या एका बाईंनी. केस पांढरे होईस्तोवर त्या माहितीपट काढत आल्यात आणि कॉलेजात पोरांनाही तेच शिकवतात. नाव विचारायचं धाडस मला झालं नाही.

धर्माबाद सोडून मी इथं लातूरला मेसमध्ये भाकरी थापते. जेवायला येतात त्या माझ्याच वयाच्या, डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी. बाई विद्यार्थ्यांना घेऊन इथं शूटिंगला आल्या होत्या. त्यातल्या एकानं सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, शाळा कुठवर झाली?"

परातीतलं मळलेलंच पीठ मी पुन्हा मळायला घेतलं. पोरींचे घास थांबले, माझे कान तापले. तेवढ्यात बाईंनी कॅमेऱ्याच्या भिंगावर तळहात ठेवला.

"मॅडम, हाच तर खरा सीन हाय," पोरगा कुजबुजला.

"असू दे. पण तो तिचा हाय. ती देईल तवाच घ्यायचा."

मग शूटिंगमधला तेवढा तुकडा त्यांनी मला दाखवला आणि माझ्यासमोरच पुसून टाकला. जाताना म्हणाल्या, "भाकर लई मऊ करतीस गं."

आठवीत शाळा सुटली, हे अजून माझ्या तोंडून निघत नाही. निघेल त्या दिवशी नांदेडला जाईन, त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसेन आणि तो सीन त्यांना देईन.