खिळे काढणारा माणूस

सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलला होता, तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका छत्री टेकत आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. तो दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा फौजदार होतो. बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "आपल्या खात्यात झाडं मोजता येणारं कोणी आहे का?"

"काय झालं, बाई?"

"आमच्या बिबवेवाडीच्या रस्त्याचं रुंदीकरण चाललंय. सोळा झाडं तोडायची परवानगी होती. मी मोजली, सत्तावीस गेली. तीस वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे चूक माझी नसावी."

त्यांनी पिशवीतून एक वही काढली. त्या काळी तोडायच्याच नव्हे, तर त्या रस्त्यावरच्या प्रत्येक झाडावर क्रमांकाचा एक छोटा पत्रा खिळ्याने ठोकलेला असे. रुंदीकरणाची बातमी आली तेव्हा बाईंनी सकाळी फिरायला जाताना ते सगळे क्रमांक उतरवून घेतले होते. कशासाठी, असं मी विचारलं. "आपण विचाराल म्हणून," त्या म्हणाल्या.

संगणकाच्या कंपन्या नुकत्याच पुण्यात येऊ लागल्या होत्या. रस्ते रुंद होत होते, हॉटेलं वाढत होती, आणि प्रत्येक हॉटेलाच्या तंदूरला, बेकरीला, मंगल कार्यालयाच्या भटारखान्याला जळाऊ लाकूड लागत होतं. तोडलेलं झाड जाणार कुठं, हा प्रश्न अवघड नव्हता. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एक मोठी वखार होती आणि आमच्या खबऱ्याने तिचंच नाव घेतलं. मी दोन पंच, हवालदार आणि एक शिपाई घेऊन तिथं गेलो.

लाकडाच्या धंद्याला नियम पुष्कळ आहेत. झाड कोणतं, तोडीची परवानगी कोणाची, वाहतुकीचा पास कुठं, हे सगळं विचारता येतं. पण ते ओंडका अख्खा आहे तोवरच. पूर्वी एक वडासारखं झाड कुऱ्हाड आणि पाचर घेऊन फोडायला चार माणसांना आठवडा लागायचा, तोवर आम्ही सावकाश पोचलो तरी निम्मं झाड शिल्लक असायचं. या वखारवाल्याने भोसरीच्या एका वर्कशॉपमधून यंत्र बनवून आणलं होतं. एका बाजूने ओंडका सरकवायचा, गोल करवत त्याचे हातभर तुकडे करायची, पुढचा लोखंडी सुळा त्या तुकड्याच्या चार फोडी करायचा. सकाळचं झाड दुपारी सरपण. फोडींच्या ढिगापुढे मी उभा राहिलो आणि यातली कोणती फोड चोरीची, हे सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे हे मला कळून चुकलं.

वखारमालक अतिशय नम्र माणूस. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि फाइल पुढे केली. परवाने, पास, पावत्या, सगळं तारखेनुसार लावलेलं, वर प्लास्टिकचं कव्हर. तेव्हा मी तरुण होतो, अशा फाइलीवर खूश होत असे. पुढे नोकरीत शिकलो की प्रामाणिक धंदेवाल्याची फाइल थोडी तरी चहाने डागाळलेली असते.

झडतीत यंत्राच्या शेडमध्ये, मशीन चालवणाऱ्याच्या शर्ट टांगायच्या खुंटीखाली एक तेलाचा मोठा डबा सापडला. झाकण काढलं तर वरच क्रमांकाचे पाच-सहा पत्रे. मी बाईंची वही उघडली. सगळे क्रमांक वहीत होते आणि मालकांच्या फाइलीतल्या परवानगीच्या यादीत एकही नव्हता. पत्र्यांखाली चिंध्यांच्या पुरचुंड्या होत्या, चाचपल्या तर आत खिळे लागले. एक-दोन जाहिरातींच्या पाट्यांचे तुकडेही होते, त्यातल्या एकावर 'तीन महिन्यांत कॉम्प्युटर' एवढंच वाचता येत होतं. मला हवं ते मिळालं होतं. पंचनाम्यात 'क्रमांकाचे पत्रे व खिळे असलेला एक डबा' असं लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या, लाखेचं सील केलं आणि वर माझी सही ठोकली.

वखारमालकांनी कपाळाला हात लावला आणि मशीनवाल्याकडे बोट दाखवलं. "अहो साहेब, गुरुवारी वखार बंद असते. किल्ली याच्याकडे असते. सुट्टीच्या दिवशी हा परस्पर बाहेरचं लाकूड फोडून विकत असणार. आपण विश्वास ठेवतो आणि माणसं अशी निघतात."

तो माणूस विदर्भातून आलेला, तिशीचा, सडपातळ. उजव्या गालावर जुनी खूण. मी त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणला. वखारीत काम करणारी बहुतेक माणसं पोलिसासमोर एकतर थरथरतात, नाहीतर दाताला दात लावून गप्प बसतात. हा बाकावर ताठ बसला होता आणि विचारलं की सरळ उत्तर देत होता. त्या काळच्या माझ्या अनुभवाप्रमाणे असा माणूस हमखास बनेल असायचा. माझा अनुभव तेव्हा सहा वर्षांचा होता.

"पत्रे तुझ्या डब्यात कसे?"

"लाकूड मशीनमंधी टाकाच्या आधी खिळे काढा लागते जी. खिळा लागला का पातं तुटते. मागं पात्याचा एक दात उडाला, तो हा इथं लागला." त्याने गाल दाखवला. "हाताखालच्या पोराच्या डोळ्यात गेला असता. तवापासून मी एकेक ओंडका हातानं चाचपतो."

"खिळे काढलेस, ठीक. मग क्रमांक का लपवलेस?"

"लपवले नाही जी, ठेवले. सरकारी नंबर आहे ना तो. फेकाचा नसते. कोणी इचारत आलं तर द्याले पाहिजे."

मला ते उत्तर उद्धट वाटलं. मी टेबलावर हात आपटला आणि बरंच बोललो. ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत आणि ते आठवले की मला आजही लाज वाटते. माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, पुरचुंड्या पाहा ना जी." मी म्हणालो, "मला शहाणपणा शिकवू नकोस." संध्याकाळी त्याला घरी सोडलं, दुसऱ्या दिवशी दहाला हजर राहायला सांगितलं. तो दहाला पाच मिनिटं कमी असताना आला.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. "जय भीम साहेब," म्हणाली आणि पदराआडून एक लिफाफा काढला. नव्याने निघालेल्या एका कंपनीत तिच्या नवऱ्याची मशीन ऑपरेटर म्हणून निवड झाली होती. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की पोलीस पडताळणी झाल्याशिवाय रुजू करून घेतलं जाणार नाही.

"सोमवारी हजर व्हाचं आहे जी," ती म्हणाली. "तो कागद तुमच्याच ठाण्यातून येणार आहे. आठ वर्षं झाले यायले पुण्यात येऊन. पक्की नोकरी पहिल्यांदाच लागत आहे."

त्या वर्षांत पडताळणीच्या अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे येत. मी माझ्या टेबलावरचा गठ्ठा उपसला आणि मधोमध त्याचा अर्ज निघाला. पासपोर्ट फोटोत तो तसाच ताठ बसलेला होता. आरोपी म्हणून त्याचं नाव दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल करायचं मी ठरवलं होतं. एकदा ते नाव कागदावर चढलं की पुढे कोर्टाने निर्दोष सोडलं तरी ही नोकरी गेलीच होती, आणि कदाचित पुढचीही. हे मला माहीत होतं. तरी मी त्या बाईला सांगितलं, "कायद्याप्रमाणे होईल."

ती गेल्यावर आमचे हवालदार माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कसबा पेठेतले, सुताराच्या घरातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. एरवी कमी बोलणारे.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा."

"आमचे वडील जुनं लाकूड विकत घ्यायचे. करवतीला लावायच्या आधी तासभर नुसता हात फिरवत बसायचे. खिळा राहिला तर पातं जायचं आणि दिवस वाया. हा माणूस खिळ्यांचं खोटं बोलत नाहीये. आता दुसरं. क्रमांक नाहीसेच करायचे असते, तर भंगारवाला रोज दारावरून जातो. चोर पुरावा पुसून डब्यात भरून ठेवतो, असं आपण आजवर कुठं बघितलंय का?"

मला राग आला. खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यात आधी आलं नाही याचा राग आला. मी म्हणालो, "मग काय करू म्हणता?"

"तो कालपासून पुरचुंड्या बघा म्हणतोय. बघू या की. आपल्याच मुद्देमाल खोलीत पडल्यात."

पंचांना बोलावलं, रीतसर पंचनामा करून सील तोडलं आणि डबा वर्तमानपत्रावर रिकामा केला. पहिली पुरचुंडी मी सोडली. आत वाकडे खिळे, दोन क्रमांकाचे पत्रे आणि चौकोनी घडी घातलेला कागद. कागदावर गाडीचा क्रमांक, वार, 'या लाकडात अकरा खिळे निघाले, पुढच्या खेपेला काढून आणणे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, आणि खाली ड्रायव्हरची सही. दुसऱ्या पुरचुंडीत तसंच, तिसरीतही तसंच. हाताखालचा पोरगा जखमी होता होता वाचल्यापासून तो प्रत्येक खेपेचे खिळे वेगळे बांधत होता आणि ड्रायव्हरला दाखवून सही घेत होता. वरचे सुटे पत्रे शेवटच्या खेपेचे होते. ते बांधायच्या आत आम्ही पोचलो होतो.

यादीबाहेरच्या प्रत्येक क्रमांकासोबत गाडी एकच होती. वारही गुरुवार नव्हताच, वखार चालू असतानाचे सगळे दिवस. गाडी वखारमालकांच्या मेव्हण्याची निघाली आणि झाडं तोडायचं कंत्राटही त्याच मेव्हण्याकडे होतं.

ड्रायव्हरला आणलं. तो आधी म्हणाला, मी त्या बाजूला कधी गेलोच नाही. मी एकेक कागद त्याच्यासमोर ठेवत गेलो. चौथ्या कागदाला त्याने पाणी मागितलं. "सही माझीच हाय साहेब. ते मशीनवालं लई किचकट हाय. खिळं मोजून सही मागतंय म्हणून आम्ही हसायचो, आन् करून टाकायचो सही." मग अर्ध्या तासात त्याने सगळं सांगितलं. कंत्राटदार परवानगीच्या झाडांबरोबर आतल्या रांगेतली चांगली झाडंही पाडत असे, वखारमालक ती त्याच दिवशी यंत्राला घालत आणि नंतर कागद दाखवायचे ते फक्त परवानगीच्या झाडांचे. पुढे दोघांवर गुन्हा दाखल झाला आणि दोषारोपपत्रात पहिला साक्षीदार म्हणून त्या शिक्षिकाबाई होत्या. दुसरा कोण, हे सांगायला नकोच.

ड्रायव्हरचा जबाब झाल्यावर मी मशीनवाल्याला माझ्या खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. माफी मागायची मला सवय नव्हती, त्यामुळे जमेल तशी मागितली. मग विचारलं, "अहो, दोन दिवस तुम्ही या बाकावर बसून होता. नोकरी हातची जात होती. ओरडून का नाही सांगितलं की त्या पुरचुंड्यांत सगळं लिहिलेलं आहे?"

तो जरा गोंधळला. मी हे का विचारतोय, तेच त्याला समजेना.

"सांगतलं होतं ना जी, पहिल्याच दिवशी. अन् डब्याले त तुमी आधीच सील मारलं होतं, सही केली होती. मले वाटलं, आता सरकारजवळ आहे, सरकार पाहीनच. बाबा शाळेत शिपाई होते. ते म्हणत, सरकारजवळ कागद दिला का आपलं काम झालं."

दोन दिवस त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा माझ्याच कुलपात, माझ्याच सहीखाली बंद होता आणि मी त्याच्यावर आवाज चढवत होतो. तो मात्र त्याच सहीच्या भरवशावर शांत बसला होता.

नंतरच्या नोकरीत मी मोठे गुन्हे उघड केले, शाबासक्या घेतल्या. पण शिकलो ते या लाकडाच्या केसमध्ये. समोरचा माणूस काय बोलतो ते ऐकायचं, आणि त्याने जे बघा म्हटलं ते आधी बघायचं. तो खोटं बोलत असेल तर तेही बघितल्यावरच कळतं. आमच्या हवालदारांनी त्या दुपारी तोंड उघडलं नसतं तर एका चांगल्या माणसाचं आयुष्य मी कायद्याप्रमाणे बिघडवलं असतं, आणि मला ते कधी कळलंही नसतं. ते आज हयात नाहीत. मी त्यांचा ऋणी आहे आणि ते त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

शुक्रवारी मी त्याचा पडताळणीचा अर्ज पुढे ओढला. शेऱ्याच्या जागी आम्ही सगळे एकच वाक्य लिहीत असू, 'सदर इसमाविरुद्ध आक्षेपार्ह काही आढळून आले नाही.' गठ्ठ्यात शंभर अर्ज असले तर शंभरांवर हेच. मला त्याच्याबद्दल खूप काही लिहायचं होतं, पण रकान्यात जागा एकाच ओळीची होती. मी तीच ओळ नेहमीपेक्षा सावकाश लिहिली, वरिष्ठांची सही स्वतः घेतली आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्याने तो उभ्या उभ्या दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. "लय उपकार झाले साहेब," तो म्हणाला आणि निघून गेला. उपकार त्याचे होते. त्याने सरकारवर जितका विश्वास टाकला होता, तितक्याला लायक होण्याची एक संधी त्याने मला दिली होती, आणि मी ती अगदी शेवटच्या घटकेला कशीबशी घेतली होती. तो कागद माझ्याबद्दल लिहायचा असता, तर ती ओळ मला लिहिता आली नसती.