बारा दिवसांच्या पोरीचा हेवा

माझ्या मुलीचं नाव मी स्वतः बदललं. जबरदस्ती कुणी केली नव्हती. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

मी कोल्हापुरात एका मंडपवाल्याकडं कामाला आहे. बारशाला पाळण्यामागं नावाची मोठी अक्षरं लावतात, ती फोमशीटमधून मी कापतो. चार वर्षांपूर्वी एका बंगल्यातल्या बारशाचं काम आलं. चिठ्ठीवर नाव होतं, अभिज्ञा. माझा हात थांबला. माझ्या तीन वर्षांच्या मुलीचं हेच नाव.

ते आक्कानं ठेवलेलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, चंदगडला अंगणवाडीत मदतनीस. शब्दकोश चाळून तिनं ते शोधलं होतं. अर्थ, जाणती. एसटीत बसल्यापासून घोकत आली. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगताना बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, तरी तिची जीभ अडखळली नाही. आमच्या गल्लीत असलं नाव दुसरं नव्हतं.

बंगल्यात शिडीवरून शेवटचं अक्षर चिकटवताना मी हौसेनं बोलून गेलो, "आईसाहेब, माझ्या पोरीचंबी हेच नाव हाय."

बाळाच्या आजीनं वर बघितलं. "होय? तुमच्यात असली नावं ठेवतात? म्हण बघू."

मी म्हटलं, "अबिग्न्या."

सगळा हॉल हसला.

"अजून एकदा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही. कुणीतरी मोबाईल धरला होता. शिडीवर मीही हसत होतो. त्यांचं हसणं एक वेळ विसरेन, माझं नाही.

मग त्यांच्या बाळाच्या आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. स्वच्छ, एकही अक्षर न सांडता. आणि मला त्या बारा दिवसांच्या पोरीचा हेवा वाटला. तिला मान धरता येत नव्हती, पण नाव तिचं झालं होतं. माझी पोर घरी त्याच नावाला धावत यायची. मला मात्र ते आता उसनं आणल्यासारखं वाटायला लागलं.

पुढं ते नाव चाललं. वर्षभरात आणखी चार घरांतून आलं. सगळे बंगले, नाहीतर लिफ्टच्या इमारती. प्रत्येक वेळी अक्षरं मीच कापली. 'ज्ञ' कापताना ब्लेड वाकडं जावं असं वाटायचं. हात ऐकायचा नाही, सरळच कापायचा.

गल्लीत शेजारचे तात्या म्हणाले, "बंगलेवाल्यांची नक्कल केलास व्हय रं?"

"आमचं आधीचं हाय, तात्या."

"आसंल की. पर शोभाय नगं?"

पोरीला पहिलीत घालायची वेळ आली. जन्मदाखल्यात नाव टाकायचं राहिलं होतं. महापालिकेत खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "मुलीचं नाव?" मागं रांग होती. मला तो हॉल आठवला.

मी म्हटलं, "राणी."

आक्काला कळलं. ती ओरडली नाही. "आत्यानं ठेवल्यालं नाव बापानं पुसलं," एवढंच म्हणाली आणि यायची बंद झाली. पोर महिनाभर राणी म्हटल्यावर ओ द्यायची नाही. नंतर द्यायला लागली. ते जास्त वाईट होतं.

यंदा त्याच बंगल्यात वाढदिवसाचं काम आलं. आईसाहेबांनी पाहुण्यांना थांबवलं. "अरे, ते म्हणून दाखव की. तुझ्या पोरीचं नाव."

राणी म्हटलं असतं तर सुटलो असतो. शब्द ओठावर आला आणि स्वतःचीच किळस आली.

"तिचं नाव अभिज्ञा," मी म्हटलं. जीभ वळली तसं म्हटलं. "तुमच्या नातीच्या आधीची हाय ती. आणि दाखवायला म्हणून आजपास्नं म्हणणार न्हाय."

कुणी हसलं का, बघितलं नाही. शिडी उचलली आणि बाहेर आलो.

प्रतिज्ञापत्र, गॅझेट, खेटे, जे लागेल ते करणार आहे. चार माणसांत तिला त्याच नावानं हाक मारणार आहे, माझ्या तोंडून येईल तशी.

पण आधी आक्काला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि पोरीला समोर बसवलं.

"अभिज्ञा, बाळ, तुझं नाव आक्कानं ठेवलं आणि मी पुसलं. दुसऱ्याच्या पोरीवर जळलो आणि शिक्षा तुला केली. आक्का, तू बी ऐक. चुकलो मी. मला माफ करा."