न मारता खाली घेणं

आमच्या घरात पुरुष दोन प्रकारचे. फौजेत गेलेले आणि मी. आजोबा, वडील, दोन्ही चुलते आणि धाकटा भाऊ फौजेत. मला भरतीच्या मैदानावर डॉक्टरने ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं, उमटलेला ठसा बघितला आणि घरी पाठवलं. तळवे सपाट निघाले. तेव्हापासून मी उंब्रजला हायवेच्या कडेला खतं आणि बियाणी विकतो. धंदा बरा आहे. युरिया न्यायला आलेला माणूस दुकानदाराचे पाय बघत नाही.

पंचेचाळिशी उलटल्यावर मी कराडला एअर पिस्तूल शिकायला लागलो. हे काय नवीन, असं बायकोने दोनचारदा विचारलं आणि मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं. खरं कारण वडील. आबा निवृत्त सुभेदार आहेत, आणि पलटणीत त्यांच्या नेमबाजीचं नाव होतं हे मला लोकांकडून कळलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून बरं म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा. पिस्तूल घरी आणलं त्या दिवशी त्यांनी विचारलं, "आवाज हुतो का?"

"फुस्स असा हुतो," मी म्हणालो.

"मग खेळणं हाय," ते म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

आमची रेंज म्हणजे एक जुनं गोदाम. शिकवणारी मुलगी आटपाडीची, माझ्या निम्म्या वयाची. ती मला काका म्हणते आणि एवढा मान दिल्यावर पुढे कसलीच भीड ठेवत नाही. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की लगेच पिस्तूल विकत घ्यायचं नाही, क्लबचं वापरायचं आणि हात काय मागतो ते बघायचं. मी अर्थातच आधीच घेऊन बसलो होतो. त्याची लाकडी मूठ माझ्या पंजाला मोठी होती. मग सुताराकडून लाकडात भरायची लांबी आणून पोकळ जागा भरल्या, नको तिथे पॉलिश पेपरने घासलं आणि पुन्हा भरलं. महिनाभराने मूठ हातात अशी बसली की डोळे मिटून पिस्तूल उचललं तरी नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत सरळ यायची. मूठ अशीच जमवायची असते. दुकानातून आणलेली मूठ आणि लग्नात भाड्याने घेतलेला कोट, दोन्ही कुणाच्याच मापाचे नसतात.

बुटांची गोष्ट मला विशेष आवडली. या खेळाचे बूट तळाला अगदी सपाट असतात. पाय जमिनीला पुरा टेकला पाहिजे, शरीर डुलता कामा नये. लोक त्यासाठी बरेच पैसे मोजतात. मी ते आबांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "मग तुला बूट कशाला?"

बाकी गोष्टी साध्या आहेत, फक्त होत नाहीत. नजर माशीवर ठेवायची, टार्गेट धूसर दिसलं तरी दिसू द्यायचं. चाळिशी लागली असेल तर चष्मा माशीसाठी करून घ्यायचा, टार्गेटसाठी नाही. डावा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवायचा. चाप हळूहळू ओढायचा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय भेळ खायची नाही. पिस्तूल रिकामं असलं तरी त्याचं तोंड माणसाकडे करायचं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नेम जमत नसेल तर न मारता खाली घ्यायचं.

हे मला जमेना. एकदा हात वर गेला की मारल्याशिवाय खाली आणायची लाज वाटायची. हात थकायचा, माशी नाचायला लागायची, मी आणखी ताणून धरायचो आणि शेवटी कसातरी चाप ओढायचो. "काका, कुणी बघत न्हाई तुमच्याकडं. खाली घ्या की," ती मागून ओरडायची. सांगलीच्या स्पर्धेत मी असाच ताणत बसलो आणि बरेच छर्रे काळ्या गोलाच्या बाहेर पांढऱ्यात घातले. घरी आल्यावर आबांनी विचारलं, "कितवा?"

"शेवटून दुसरा."

"शेवटचा कोण हुता?"

"त्याच्या पोटात दुखायला लागलं. तो मधीच गेला."

आबांनी मान हलवली, पण मला हवी होती तशी नव्हे.

घरी मी रोज संध्याकाळी बाहेरच्या सोप्यात, छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर सराव करायचो. आबा खाटेवर बसून बघायचे आणि उजवा हात मांडीखाली ठेवायचे. तो हात वर्षभरापासून कापत होता. आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. चहा ते एकटे असतानाच पीत. दाढी घरी करायची सोडून न्हाव्याकडे जायला लागले, म्हणाले, त्याचा धंदा बसलाय, तेवढाच आधार. बायकोने एकदा कराडच्या एका डॉक्टरचं नाव काढलं, तर ते दोन दिवस तिच्याशी फक्त कामापुरतं बोलले. ज्या हाताने घराचा आब राखला तोच दगा देतोय, हे त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते आमच्या घरात अगदी शब्दशः चाललं होतं. मला रात्रंदिवस त्याची भीती वाटायची. उपचार असेल तर उशीर होतोय असं वाटायचं, पण आबांना तसं तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा आबाच करतात. पाटावर जुनी तलवार, ऊसतोडीचे कोयते, कुऱ्हाड, नटबोल्टचे पाने, आणि या वर्षी बायकोने माझं पिस्तूलही ठेवलं. कोयत्याला कुंकू कसंही लागलं तरी चालतं. तलवारीचंही निभावलं. पिस्तुलाशी आल्यावर आबांचं बोट बराच वेळ हवेत राहिलं, थरथरलं, आणि ओल्या कुंकवाचा फराटा माशीपासून मागच्या खाचेपर्यंत गेला. खाच पुरती भरली.

"पिस्तूल हाललं," आबा म्हणाले.

पिस्तूल पाटावर होतं. बायकोने आरती सुरू केली, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.

मी दातांच्या ब्रशने खाच घासली, पण फटीतला लालपणा गेला नाही. रविवारी मी कराडला निघालो तर आबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "मी येतो. खेळणं कसं खेळत्यात ते बघतो," ते म्हणाले.

रेंजवर मुलीने माझं पिस्तूल उचललं, रिकामं आहे याची खात्री केली आणि खाचेत बघितलं. "काका, ह्यात कुंकू कुणी घातलं?"

मी काहीतरी थाप मारणार होतो. तेवढ्यात मागून आबा म्हणाले, "मी. हात हालला माझा."

हे वाक्य मी वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होतो. मुलीला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "हात सगळ्यांचाच हालतो, आजोबा. बघू तुमचा," आणि रिकामं पिस्तूल त्यांच्या हातात दिलं.

आबा टार्गेटकडे उजवा खांदा करून आडवे उभे राहिले, डावा हात पट्ट्यात अडकवला. कुणाला काही सांगावं लागलं नाही. पाठ, खांदा, मान जशी हवी तशी. फक्त मनगटापुढे पिस्तूल डोलत होतं, टार्गेटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. आबांनी श्वास सोडला, थांबले, पुन्हा घेतला. डोलणं थांबलं नाही. गोदामात आणखी दोन पोरं सराव करत होती, ती बघायला लागली. मला वाटलं, आता हे माझ्यासारखेच ताणून धरणार.

"आजोबा, हे जरा जास्तीच हाय," मुलगी म्हणाली. "डॉक्टरला दाखवलं का?"

"न्हाई."

"का?"

आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आबांनी बोट चापावरून काढलं, हात सावकाश खाली आणला आणि पिस्तूल टार्गेटकडे तोंड करून टेबलावर ठेवलं.

"बघा काका," मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली. "असं घ्यायचं खाली."

मी बघितलं.

बाहेर चहाची टपरी आहे. रविवार असल्याने बरीच गर्दी होती, त्यात आमच्या उंब्रजची दोन ओळखीची माणसं. मी सवयीने आबांना कडेच्या बाकड्याकडे न्यायला लागलो, लोकांकडे पाठ करून बसता यावं म्हणून. ते आले नाहीत. टपरीसमोरच उभे राहिले आणि उंब्रजवाल्यांना रामराम घातला.

"मला अर्धाच दे रं," ते चहावाल्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हात हालतो माझा."

चहावाल्याने वर न बघता अर्धा ग्लास भरला. आबांनी तो उजव्या हातात घेतला. थोडा शर्टावर सांडला, उरलेला त्यांनी तिथेच, सगळ्यांच्या मधे उभं राहून प्यायला. मग रिकामा ग्लास माझ्याकडे देत विचारलं, "सूनबाई म्हणत हुती तो डॉक्टर सोमवारी असतो का?"