एका कांडीला एक नाव

कांडीआत्याची प्रार्थना ऐकू येत नसे, दिसत असे. माधवनगरच्या शेडमध्ये मागांचा खडखडाट एवढा, की शेजारचा माणूस ओरडला तरी कळायचं नाही. तिथं मशीनपाशी उभी राहून ती धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर, म्हणजे कांड्यांवर, सूत भरायची आणि तिचे ओठ हलत राहायचे. एका कांडीला एक नाव. कांडी भरेपर्यंत त्या माणसाबद्दल प्रभूशी बोलायचं, भरली की टोपलीत टाकायची आणि पुढचं नाव घ्यायचं.

मी बारावीपर्यंत तिच्याकडे राहिले. आष्ट्याजवळच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळे मला जपायचे. आत्या तेवढी जपत नसे. "परीक्षा आहे, प्रार्थनेला वेळच मिळत नाही," असं मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "येळ कशाला लागतोय? भांडी घासताना हात गुंतल्यात, त्वांड मोकळंच हाय की."

तिच्या नावांत चर्चमधली माणसं थोडी आणि बाहेरची जास्त होती. शेजारच्या सुमनकाकूंचा दिगू सैन्यात होता. काकू गणपतीला दूर्वा वाहून यायच्या आणि शेडच्या दारातून विचारायच्या, "आवं, आमच्या दिगूचं झालं का?" मालकांनी एकदा चेष्टा केली, "आत्या, माझ्या चार नंबरच्या मागाचं बी नाव घ्या. लय धागा तोडतोय."

"मागाच्या दुरुस्तीला जॉबर हाय, मालक. तुमाला कोण न्हाई, म्हणून तुमचं घेते."

मालक हसले. दुसऱ्या दिवशी मात्र हळूच विचारून गेले, "खरंच घेता व्हय?"

दुपारी माग थांबले की मी तिच्यासोबत डबा खायचे. जेवणाआधी सकाळची सगळी नावं ती पुन्हा एकदा भराभर म्हणायची. एके दिवशी म्हणाली, "आज तू कर." मी डोळे मिटले आणि घाईनं म्हटलं, "हे प्रभू, सगळ्यांचं भलं कर, आमेन." आत्या आमेन म्हणालीच नाही. "समद्यांचं म्हंजे कुणाचं?" असं विचारून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. मी भाकरीकडे बघत बसले. खरं सांगायचं तर ती नावं मी कधी नीट ऐकलीच नाहीत. मी फक्त शेवटच्या आमेनची वाट पाहायचे.

गेल्या वर्षी मी साताऱ्याला शिकत असताना तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, आमेन. चर्चच्या पाळकांनी दवाखान्यात प्रार्थना केली, तेव्हा तेवढा तिच्या तोंडून निघाला.

सुट्टीत मी तिच्याजवळ गेले. भाकरी कुस्करून ताट पुढं केलं, तर तिनं तोंड घट्ट मिटलं आणि डाव्या हाताचं बोट वर केलं. मला उमगलं, तिला जेवणाआधीची नावं हवी होती. मी "दिगू" म्हणाले. बोट खाली आलं, पुन्हा वर गेलं. "मालक." खाली, पुन्हा वर. मग मी काकूंना, पाळकांना, शेडमधल्या बायकांना विचारत फिरले. प्रत्येकाला आपलं नाव ती घेते एवढं माहीत होतं, दुसऱ्याचं नाही. तरी रोज दोन-तीन नावं सापडत गेली. माझं स्वतःचं मी अगदी शेवटी, भीत भीत घेतलं. बोट खाली आलं आणि मला रडू फुटलं. "झालं ना आता?" मी म्हणाले.

बोट पुन्हा वर गेलं.

त्यानंतर मला एकही नाव सापडलं नाही. "आत्या, देवाला ठाऊक आहे की," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. तिचं बोट वरच राहिलं. देवाला ठाऊक आहे हे तिला मी सांगायला हवं होतं, असं थोडंच आहे? पण कुणीतरी कुठंतरी तिच्या भरवशावर होतं. शेवटी ती दोन घास घ्यायची, पण आमेन म्हणायची नाही. दोन महिन्यांनी ती गेली, तोवर एकदाही म्हणाली नाही.

आता हॉस्टेलवर सकाळी कपडे धुताना मी नावं घेते. एका कपड्याला एक. शेवटचा कपडा पिळताना मात्र गप्प राहते. तिथं कुणाचं तरी नाव यायला हवं आणि ते मला माहीत नाही. मागं रांगेतल्या मुली ओरडतात, "आटप की गं!" मग आमेन न म्हणताच मी बादली उचलते.