वाचनालयातले शिक्केकाका

हातात आलेल्या कागदावर शिक्का मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लालबागच्या आमच्या वाचनालयात ते पुस्तकांची देवघेव बघायचे. पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक संपले की त्यांचा जांभळा शिक्का इतरत्र फिरायचा. कार्यकारिणीची पत्रं, भिंतीवरचं कॅलेंडर, एकदा तर समोरच्या डॉक्टरांच्या मुलीची लग्नपत्रिका. "वाचनालयात आला तो कागद वाचनालयाचा," असं ते ठामपणे सांगायचे. त्यांचं खरं नाव बऱ्याच सभासदांना ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना शिक्केकाका म्हणत.

दर जानेवारीत वाचनालयात आसपासच्या लोकांचं चित्रप्रदर्शन भरतं. वर्तमानपत्रांची टेबलं बाजूला सरकवायची, खिडक्यांच्या गजांना सुतळी बांधायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लावायची. चिमटे काका घरून आणायचे. मग काकूंचा फोन यायचा, "अहो, मी कपड्यांना काय लावू?" चित्रं खालीच लावायची, हा काकांचा हट्ट. "पेपर वाचणारे म्हातारे उठत नाहीत. त्यांना बसल्या बसल्या दिसायला हवं." चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीनं हरकत घेतली, तर काकांनी तिला खुर्चीत बसवलं, हातात पेपर दिला आणि म्हणाले, "आता बघ." ती पुढे तासभर पेपरच वाचत बसली.

या माणसावर कुणी रागावू शकेल, असं मला वाटत नव्हतं. एका वर्षी मीच रागावलो.

माझे वडील परळच्या एका गिरणीत डिझाइन खात्यात होते. साड्यांचे काठ काढायचे. तिथे कामाला नंबर असे, नाव नसे. घरी हौसेनं कागदावर काढलेले पाच काठ त्यांच्या मागे आईनं ट्रंकेत जपून ठेवले होते. प्रदर्शनासाठी मी ते मागितले, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी धड बोललीच नाही. शेवटी देताना म्हणाली, "जसे नेतोयस तसे आण. त्यांच्या हातचं दुसरं काही नाहीये माझ्याकडे."

सकाळी वडिलांच्या नावाची चिठ्ठी जोडून मी कागद काकांच्या टेबलावर ठेवले आणि सुतळी बांधायला गेलो. परत येऊन बघतो तर पाचही कागदांच्या उजव्या कोपऱ्यात गोल, जांभळा शिक्का!

"काका, काय केलंत हे!"

काकांनी कागदांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. वाचनालयात कायम पुस्तकी बोलणारा माणूस एकदम मालवणीवर आला. "झिला, माका कळलाच नाय रे. कोपरो मोकळो होतो, म्हणान मारलंय."

मी नको नको ते बोललो. तुम्हाला टेबलावर बसवायलाच नको होतं, इथपर्यंत बोललो. त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. शाई तर निघण्यातली नव्हती. दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

संध्याकाळी आई आली. मी तोंड उघडायच्या आत ती पहिल्या कागदापाशी थबकली. "हे काय?"

काका उठून तिच्यासमोर उभे राहिले. "वहिनी, शिक्का मी मारला. याची काही चूक नाही." आणि त्यांनी पुस्तकांची नोंदवही उघडून तिच्यापुढे ठेवली. शिक्का मारला की त्याच दमात नोंद करायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. तीही त्यांनी पार पाडली होती.

आईनं चष्मा लावला. पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात 'साडीचा काठ'. लेखकाच्या रकान्यात वडिलांचं पूर्ण नाव, आडनावासकट, काकांच्या वळणदार अक्षरात. खालोखाल पाच वेळा.

ती त्या ओळींवरून बोट फिरवत राहिली. "एवढी वर्षं गिरणीत काढली," ती म्हणाली, "यांचं नाव तिथे कुणी कधी लिहिलं नाही." मग काकांकडे वळली. "खोडू नका हं हे."

इतकं हायसं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं, आणि सकाळच्या बोलण्याची लाजही तेवढीच वाटत होती. माफी मागायला गेलो, तर काकांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "खा आधी. तूही उपाशीच आहेस." दुपारचं गार वरण आणि भात आम्ही दोघांनी मिळून संपवला.

काका आता गावी, कणकवलीला असतात. आईनं ते कागद घरी नेलेच नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी ती वाचनालयात जाते, आणि नव्या ग्रंथपाल मुलीकडे काठ नाही, नोंदवही मागते.