दारापुढचे उतार

नांदेडला विमानतळाच्या भिंतीला लागून आमचं घर आहे. लोह्याहून आलो तेव्हा गल्लीत पाचच घरं होती. भिंत नव्हती, तारेचं कुंपण होतं आणि त्याच्या कडेनं पायवाट. आई रोज संध्याकाळी त्या वाटेनं पलीकडच्या वस्तीत मावशीकडं जायची. पुढं भिंत आली, पायवाट गेली, प्लॉटचे भाव चढले, घरांवर मजले चढले. प्रत्येकानं गाडी आत घ्यायला दारापुढं सिमेंटचा उतार केला. ते उतार चुकवत आई भर रस्त्यातून चालायची. मावशीला भेटणं काही तिनं सोडलं नाही.

एका संध्याकाळी मोटारसायकलचा आरसा तिच्या दंडाला लागला. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. मी कॉलेजात शिकवतो, पण राग माझ्या नाकावर असतो. घरातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, काढली आणि शेजाऱ्याच्या उतारावर घाव घातला. त्याचाच का, तर त्याच्याशी माझं आधीपासून पटत नव्हतं.

शेजारी धावत आला. "ओ सर, डोकं फिरलं का? तुमच्या दारापुढं काय हाय मग?" त्यानं माझी कॉलर धरली. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. नाकातून रक्त आलं, आणि मला बरं वाटलं. खरं तेच लिहितोय. मी सब्बल परत उचलली. सिमेंटसाठी की त्याच्यासाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात डोक्यावरून विमान उतरू लागलं. आई मागून ओरडत होती म्हणे, मला ऐकूच आलं नाही. कुणीतरी सब्बल मागून धरली. मी न बघता जोरात हिसडा दिला. वळून पाहिलं तर आई आमच्याच उतारावर पडली होती, मनगट वाकडं झालेलं. नाकाला रुमाल लावून शेजाऱ्यानंच गाडी काढली आणि तिला दवाखान्यात नेलं.

प्लास्टर निघालं. मी आमचा उतार फोडला, शेजाऱ्यानं त्याचा. दोन घरांपुढं तरी आता चालायला जागा आहे. पण आई बाहेर पडत नाही, मावशीच येते. परवा मी आतल्या खोलीत होतो. मावशी म्हणाली, "अक्का, जागा झाली की आता. चल माझ्यासंगं."

"रस्त्याचं भ्या न्हाई गं," आई हळूच म्हणाली. "मला कुणाचा धक्का लागला, तर ह्यो जीव घेईल त्याचा."